स्तांबोलिस्की आणि ते तेरा सदस्य

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत बल्गेरियाचे शेतकरी पंतप्रधान अलेक्सांदर स्तांबोलिस्की यांच्यावर आलेला लेख वाचला. या माणसाबद्दल मराठीत कुणी सविस्तर लिहावे अशी माझी फार दिवसांची इच्छा होती, म्हणून लेखकाचे आधी मनापासून आभार. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. घर शेतकऱ्याचे, त्यामुळे दोन महायुद्धांमधल्या युरोपचा धडा शिकवताना हिटलर-मुसोलिनीच्या आधी मी वर्गात हमखास स्तांबोलिस्कींना आणायचो. अभ्यासक्रमात त्यांचे नावही नसे, तरी आणायचो.

लेखाचा सूर असा, की बल्गेरियात शेतकऱ्यांचे लोकशाही राज्य होते आणि 9 जून 1923 च्या पहाटे लष्कराने ते संपवले. लष्कराने ते संपवले आणि अत्यंत नीचपणे संपवले, यात वाद नाही. पण तिथल्या संसदीय लोकशाहीची पडझड त्या पहाटे सुरू झाली नव्हती. ती तीन वर्षे आधी सुरू झाली आणि सुरू करणारे हात शेतकरी पक्षाचे होते. लेखात हा भाग पूर्ण गाळला आहे. शेतकऱ्यांची बाजू घेणाऱ्यांनी तर तो मुळीच गाळू नये, असे मला कळकळीने वाटते.

ही चळवळ कशातून उभी राहिली हे आधी सांगायला हवे. 1899 मध्ये तिथल्या सरकारने शेतसारा रोख न घेता धान्याच्या रूपात, पिकाच्या दहाव्या हिश्शाने घ्यायचे ठरवले. तुर्कांच्या अमलाखाली असाच दशांश वसूल होत असे. तो जाऊन जेमतेम वीस वर्षे झालेल्या लोकांवर तोच पुन्हा लादला गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्लेव्हेन शहरात शेतकऱ्यांची परिषद भरली आणि बल्गेरियन शेतकरी संघ जन्माला आला. पुढच्या वर्षी दुरांकुलाक भागात सरकारी बंदुकांनी शेतकऱ्यांचे बळी घेतले. संघाच्या स्थापनेत पुढाकार गावोगावच्या शिक्षकांचा होता, हेही सांगून ठेवतो. पतपेढ्या आणि सहकारी संस्था काढता काढता हे लोक राजकारणात आले. 1908 च्या निवडणुकीत त्यांचे 23 सदस्य संसदेत, म्हणजे तिथल्या सोब्रानियेत, पोहोचले. त्यांतले एक स्लाव्होवित्सा गावचे स्तांबोलिस्की. शेतीशाळेत शिकलेले, शेतीच्याच पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीत हाले इथे गेलेले आणि क्षयाने आजारी पडून परतलेले. तेव्हा त्यांची तिशीही उलटली नव्हती.

संसदेची बाजू घेऊन राजाच्या अंगावर जाण्याचे धैर्य या माणसाएवढे त्या काळात बाल्कनमध्ये क्वचितच कुणी दाखवले असेल. 1911 मध्ये तार्नोव्होला महासभा भरली. परकीय राष्ट्रांशी तह करण्याचे जादा अधिकार राजाला देणारी घटनादुरुस्ती तिथे चालली होती. स्तांबोलिस्कींनी तिला कडाडून विरोध केला. सप्टेंबर 1915 मध्ये राजा फर्डिनांड जर्मनीच्या बाजूने महायुद्धात उतरायच्या बेतात असताना विरोधी नेते त्याला भेटायला गेले. इतर नेते जपून बोलले. स्तांबोलिस्कींनी राजाला तोंडावर बजावले, की या युद्धाची किंमत त्याला स्वतःच्या शिराने मोजावी लागेल. त्याबद्दल त्यांना जन्मठेप झाली. तीन वर्षांनी आघाडी कोसळली, सैनिक बंड करून राजधानीकडे निघाले, तेव्हा त्यांना शांत करायला याच माणसाला तुरुंगातून बाहेर काढावे लागले. फर्डिनांडला गादी सोडावी लागली आणि त्याचा मुलगा बोरिस राजा झाला. ऑक्टोबर 1919 मध्ये स्तांबोलिस्की पंतप्रधान झाले. पुढच्याच महिन्यात त्यांना नुईचा तह स्वीकारावा लागला. सव्वादोन अब्ज सोन्याच्या फ्रँकची भरपाई आणि एजियन समुद्राची वाट बंद. ज्या युद्धाला विरोध करून ते तुरुंगात गेले, त्याच युद्धाच्या पराभवावर सही करणे त्यांच्या वाट्याला आले.

त्यांनी केलेली कामे लेखात आहेत, मी थोडक्यात आटोपतो. कसणाऱ्या कुटुंबाला 30 हेक्टरची कमाल मर्यादा, न कसणाऱ्या मालकाला 4 हेक्टर. 1920 चा सक्तीच्या श्रमसेवेचा कायदा, ज्याखाली तरुणांनी रस्ते आणि शाळा बांधल्या. गावोगाव शाळा. खेड्यातल्या पोरांना जड जाणारी दोन अक्षरे वर्णमालेतून काढून सोपे केलेले लेखन. (सत्तापालटानंतर आलेल्या सरकारने ती दोन अक्षरे परत आणली. सुडाला किती बारीकसारीक गोष्टी सुचतात याचा हा नमुना मी वर्गात सांगत असे.) या कामांना मी आजही मान देतो. माझा आक्षेप यांतल्या एकाही कामाला नाही.

आक्षेप आहे तो 28 मार्च 1920 च्या निवडणुकीनंतर घडलेल्या प्रकाराला. सोब्रानियेच्या एकूण जागा 229. शेतकरी संघाला मिळाल्या 110. बहुमताला हव्या होत्या 115. पाच जागा कमी पडल्या. त्याआधीच्या सहा महिन्यांत दोन लहान पक्ष त्यांच्याबरोबर सरकारमध्ये होते आणि नव्या सभागृहातही त्या दोघांकडे मिळून पाचांहून जास्त जागा होत्या. त्यांना बरोबर ठेवता आले असते. चार गोष्टी सोडाव्या लागल्या असत्या, चार मिळाल्या असत्या. शेतकरी संघाने वेगळाच मार्ग काढला. निवडून आलेल्यांच्या निवडी तपासण्याचा अधिकार सभागृहाचा होता. तो वापरून विरोधकांच्या तेरा जणांच्या निवडी रद्द ठरवल्या गेल्या. त्यांत नऊ कम्युनिस्ट, तीन डेमोक्रॅट आणि एक पीपल्स पार्टीचा. आता बेरीज करून पाहा. 229 मधून 13 गेले, उरले 216. त्यातले बहुमत 109. शेतकरी संघाकडे 110. तेरा हा आकडा कसा निघाला असेल हे पाचवीतले पोरही सांगेल.

पुढची सव्वातीन वर्षे जे काही झाले त्याचे मूळ मला या तेरा जागांत दिसते. कारण त्या दिवशी प्रत्येक विरोधी पक्षाला कळून चुकले, की मतदाराने निवडून दिले तरी सभागृहात बसू द्यायचे की नाही हे शेतकरी संघ ठरवणार.

मी हे वर्गात सांगितले तेव्हा एका मुलाने हात वर केला. शेतकऱ्याचाच मुलगा, अंगावर गणवेशाचा एकच जोड. म्हणाला, "सर, तेरा काढले तर बिघडलं कुठं? देशात सगळे शेतकरीच होते ना? आणि कामं तर तो शेतकऱ्यांचीच करत होता." वर्ग त्याच्या बाजूने होता, हे चेहऱ्यांवर दिसत होते. मला त्या मुलाचा राग आला नाही, कारण स्तांबोलिस्कींचे स्वतःचे तत्त्वज्ञान नेमके हेच होते. 1909 च्या आपल्या लेखनात त्यांनी मांडले, की राजकीय पक्षांचे दिवस संपले. समाज व्यवसायांप्रमाणे वर्गांत वाटलेला असतो: शेतकरी, कारागीर, कामगार, व्यापारी वगैरे. प्रत्येक वर्गाची एक संघटना असावी आणि राज्य त्या संघटनांनी चालवावे. आता देशातले पाचांतले चार लोक शेतीवर जगणारे असतील, तर या हिशेबाने राज्य कायमचे कुणाचे? विरोधी पक्षाला तिथे जागाच उरत नाही. विरोधक म्हणजे भूतकाळातून उरलेला कचरा, वकिलांची आणि नोकरशहांची टोळी.

त्या मुलाला मी फळ्यावर दोन आकडे लिहून दाखवले. ग्रामीण लोकसंख्या सुमारे 80 टक्के. मार्च 1920 मध्ये शेतकरी संघाला मिळालेली मते 39 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे सगळी शहरे बाजूला ठेवली तरी निम्म्याच्या आसपास शेतकऱ्यांनी शेतकरी संघाला मत दिले नव्हते. कुणी कम्युनिस्टांना दिले, कुणी जुन्या पक्षांना. ज्या तेरा जणांना बाहेर काढले, त्यांच्यामागेही खेड्यांतली मते होती. बाहेर काढताना शेतकऱ्यांचीच मते पुसली गेली. शेतकरी आणि शेतकऱ्यांचा पक्ष ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या आहेत हे मोजून सांगणारी एकच जागा असते, मतपेटी. तिच्या आकड्यात फेरफार केला की शेतकऱ्याला स्वतःच्या पक्षाला "नाही" म्हणायची सोयच उरत नाही. मुलगा काही बोलला नाही. पटले असे मी म्हणणार नाही, पण त्याने ते आकडे वहीत उतरून घेतले.

तेरा जागांनंतर पुढचे प्रत्येक पाऊल सोपे होत गेले. खरे तर आधीच्याच हिवाळ्यात, डिसेंबर 1919 पासून, रेल्वे आणि टपाल कामगारांचा संप मोडताना सैन्याबरोबर पक्षाचे स्वतःचे दल रस्त्यावर आले होते. नारिंगी रक्षक म्हणत त्यांना. लाठ्या घेतलेली खेड्यांतली पोरे. संपकऱ्यांची कुटुंबे ऐन थंडीत सरकारी घरांतून बाहेर काढली गेली. पोलीस आणि सैन्य राज्याचे असते, त्यांना कायद्याचा जाब विचारता येतो. नारिंगी रक्षक पक्षाचे होते, त्यांना जाब विचारायचा तर तो पक्षालाच. सप्टेंबर 1922 मध्ये जुन्या पक्षांची आघाडी तार्नोव्होला सभा घ्यायला रेल्वेने निघाली. ज्या तार्नोव्होच्या नावाने 1879 ची राज्यघटना ओळखली जाते, तेच हे गाव. दोल्ना ओर्याहोवित्सा स्टेशनवर नारिंगी रक्षकांनी गाडी गाठली. माजी पंतप्रधान आणि माजी मंत्री खाली ओढले गेले, त्यांना मारहाण झाली, वयोवृद्धांच्या दाढ्या कापल्या गेल्या. मग "त्यांच्याच सुरक्षेसाठी" त्यांना शुमेनच्या तुरुंगात टाकण्यात आले. दोन महिन्यांनी सार्वमत घेतले गेले: युद्धकाळातल्या मंत्र्यांवर खटले चालवावेत की नाही? लोकांनी प्रचंड बहुमताने होकार दिला. त्या मंत्र्यांपैकी अनेकांचे अपराध खरे होते, मला त्यांचा पुळका नाही. दोन राष्ट्रीय विनाश, म्हणजे दोन युद्धांतले पराभव, त्यांच्या पदरात आहेत. पण आरोपी आधीच तुरुंगात, दोषी कोण हे मतपेटी ठरवणार आणि न्यायाधीश बघत बसणार, ही पद्धत उद्या कुणाच्याही हाती पडली तर काय होईल, एवढा विचार सत्तेवरच्या कुणी करायला नको होता का?

एप्रिल 1923 मध्ये मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत बदलून पुन्हा निवडणूक झाली. शेतकरी संघाला सुमारे 53 टक्के मते आणि 245 पैकी 212 जागा. कम्युनिस्टांना मतांचा जवळपास पाचवा हिस्सा आणि जागा 16. या वेळी बहुमत खरे होते, हे मान्य करू. 53 टक्के मते म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या जुन्या पद्धतीतही सरकार सहज आले असते. तरीही नियम वाकवून 212 घेतल्या. सभागृहात जवळजवळ एकटेच उरले. आणि निवडणुकीला पुरते दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा 9 जून उजाडला.

लष्करी अधिकाऱ्यांचा संघ, राजधानी सोफियातले प्राध्यापक-वकील-बँकवाले आणि मॅसेडोनियन क्रांतिकारक संघटना यांनी मिळून सत्ता घेतली. नवे पंतप्रधान अर्थशास्त्राचे प्राध्यापक अलेक्सांदर त्सांकोव्ह. मॅसेडोनियन संघटनेचा राग निश च्या तहावर होता. मार्च 1923 मध्ये स्तांबोलिस्कींनी युगोस्लाव्हियाशी सीमेवरच्या सशस्त्र टोळ्या आवरण्याचा करार केला होता. माझ्या मते तो त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. स्तांबोलिस्कींना त्यांच्या गावाजवळ पकडले, हाल केले, तहावर सही करणारा हात तोडला आणि 14 जूनला शिर धडावेगळे केले. पुढच्या दोन वर्षांत या लोकांनी जेवढी माणसे मारली, त्यापुढे नारिंगी रक्षकांच्या लाठ्या काहीच नाहीत. दोन्ही बाजू सारख्या होत्या असा अर्थ माझ्या पत्रातून कुणी काढू नये. एका बाजूने संसद वाकवली, दुसऱ्या बाजूने मारेकरी पाठवले.

पण मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. दोन महिन्यांपूर्वी देशातल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी निवडून दिलेले सरकार पाच दिवसांत कसे नाहीसे झाले? प्लेव्हेन, शुमेन, पाझार्जिक अशा भागांत शेतकरी लढले. बाकी कुणी हलले नाही. कम्युनिस्ट पक्षाने अधिकृतपणे तटस्थ राहायचे ठरवले, ही शहरी आणि ग्रामीण भांडवलदारांची आपापसातली मारामारी आहे असे म्हणून. ती त्यांची घोडचूक होती. सप्टेंबरात त्यांनी उठाव केला तेव्हा तेही चिरडले गेले. पण ज्यांचे नऊ सदस्य बाहेर काढले, ज्यांच्या संपकऱ्यांची बायकामुले बर्फात काढली, त्यांनी त्याच सरकारसाठी जीव द्यायला यावे ही अपेक्षा तरी कशी करणार? जुन्या पक्षांचे तर विचारायलाच नको, त्यांचे नेते शुमेनच्या तुरुंगातच होते. ज्या मध्यममार्गी माणसाने एरवी "सरकार नको असेल तर निवडणुकीत पाडा" असे म्हटले असते, त्याला शेतकरी संघानेच शिकवून ठेवले होते, की निवडणुकीत हे सरकार पडत नाही. बंडखोरांच्या हाती याहून मोठा मुद्दा कुणी दिला नसता. बांध आपणच फोडून ठेवला, मग पाणी कुणाच्या शेतातून आले यावर भांडण्यात अर्थ उरत नाही.

संसद पुढे अकरा वर्षे नावाला चालली. 1924 मध्ये राज्यसंरक्षणाच्या कायद्याने कम्युनिस्टांवर बंदी आली. स्तांबोलिस्कींच्या हत्येला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी शेतकरी संघाचे सोब्रानियेतले नेते पेत्को पेत्कोव्ह यांना सोफियात गोळ्या घातल्या. 1925 मध्ये चर्चमध्ये बॉम्ब फुटला आणि त्यानंतर झालेल्या धरपकडीत असंख्य माणसे परत आलीच नाहीत. 1931 मध्ये शेतकरी संघ एका आघाडीतून पुन्हा सत्तेत आला, तोवर त्याचे तुकडे झालेले आणि उरलेले खात्यांच्या वाटणीत गुंतलेले. 19 मे 1934 ला लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता घेतली आणि मग सगळेच पक्ष बरखास्त केले, तेव्हा रस्त्यावर कुणी उतरले नाही.

कुणी म्हणेल, हरलेला देश, डोक्यावर राजा, सूड घ्यायला टपलेले सैन्य, सीमेवर टोळ्या. अशा वेळी संसदेचे शिष्टाचार कोण पाळणार? 1919 मध्ये स्तांबोलिस्कींनी डाव्या पक्षांशी आघाडीची बोलणी करून पाहिली होती आणि ती फिसकटली, हेही खरे. त्यांना वारशाने मिळालेली पद्धतही अशीच होती: राजा मंत्रिमंडळ नेमणार आणि ते मंत्रिमंडळ निवडणूक "घडवून" आणणार. त्यांनी निर्माण केलेला रोग नव्हता तो. पण ज्यांनी राजासमोर उभे राहून त्या पद्धतीला नकार दिला, त्यांच्याकडून तरी ती मोडण्याची अपेक्षा होती.

आणि वेगळे करता येत होते. चेकोस्लोव्हाकियात शेतकरी पक्षाचे अंतोनिन श्वेहला होते. 1925 च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष सर्वांत मोठा ठरला, तोही 300 पैकी अवघ्या 45 जागा घेऊन. कुणा एकाला बहुमत नसलेल्या सभागृहात हुकूम चालवता येत नाही, त्यामुळे 1920 पासूनच पाच पक्षांच्या नेत्यांना एका टेबलाशी बसवून रोज घासाघीस करणे हेच श्वेहलांचे राजकारण झाले. जमीनसुधारणा त्यांच्या देशातही झाली, बल्गेरियापेक्षा कितीतरी जास्त जमीन हलली. 1926 मध्ये त्यांनी जर्मन भाषक शेतकऱ्यांच्या पक्षाला सरकारात घेतले. फिनलंडमध्ये यादवी युद्धाच्या जखमा ताज्या असूनही शेतकरी पक्षाने 1937 मध्ये सोशल डेमोक्रॅटांबरोबर सरकार बनवले. या उलट लॅट्व्हियात शेतकरी पक्षाच्या कार्लिस उल्मानिस यांनी 15 मे 1934 ला स्वतःच संसद बंद केली. एस्टोनियात कोन्स्तान्तिन पॅट्स यांनी दोन महिने आधी अशीच सगळी सत्ता स्वतःच्या हाती घेतली होती. दोघेही शेतकरी पक्षांचेच संस्थापक नेते. म्हणजे शेतकऱ्यांचा पक्ष आला की संसद बुडते असेही नाही आणि तो आला की लोकशाही आपोआप खोलवर रुजते असेही नाही. फरक पडला तो पाच जागा कमी पडल्यावर कुणी कुणाकडे बोलणी करायला गेले यावर.

म्हणून लेखकांना एक विनंती. या विषयावर पुढचा लेख लिहिणार असाल तर श्वेहलांवर लिहा. त्यांच्यावर कुणी हात उगारला नाही, त्यांच्या मरणात नाट्य नाही, त्यामुळे मराठी वाचकाला ते माहीतच नाहीत. पाच पक्षांच्या त्या टेबलावर काय देवाणघेवाण झाली, जमीन कायद्यात शेतकरी पक्षाने काय सोडले आणि काय मिळवले, याचा तपशील आपल्याकडच्या तरुण कार्यकर्त्यांना वाचायला मिळाला तर फार बरे होईल. स्तांबोलिस्कींवरचा लेख पुस्तकात घेणार असाल, तर त्यात मार्च 1920 च्या त्या तेरा सदस्यांचा परिच्छेद जरूर घाला. माझ्याकडची टिपणे हवी असल्यास आपल्या कार्यालयामार्फत पाठवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक